पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात पहिल्यांदा जाताय? मग एवढं सांभाळा

दोन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी एकाच रेषेत चाला: किल्ल्याच्या चौकातल्या सिगिस्मंड स्तंभापासून (१६४४) जुन्या शाही रस्त्याने (रॉयल रूट) वाझ्येंकी बागेपर्यंत. अंतर साधारण चार किलोमीटर. पाय थकले तर याच रस्त्याने जाणारी ११६ नंबरची बस पकडा.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात:

- तिकीट काढून खिशात ठेवणं. कागदी तिकीट बसमधल्या छोट्या यंत्रात पंच केलं नाही, तर तिकीट असूनही दंड होतो.
- वाझ्येंकी तासाभरात उरकणं. ७६ हेक्टरची बाग आहे ती! अर्धा दिवस द्या. मे मध्य ते सप्टेंबरअखेर दर रविवारी दुपारी १२ आणि ४ वाजता संगीतकार शोपँच्या पुतळ्यापाशी मोफत पियानोवादन असतं. अर्धा तास आधी गेलात तर हिरवळीवर जागा मिळते.
- खरेदी रविवारवर टाकणं. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात.
- जुन्या शहरात चाकांची बॅग ओढणं. दगडी फरसबंदी चाकं खाते.

जुनं शहर दिसतं मध्ययुगीन, पण बहुतांश दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा बांधलेलं आहे. हे डोक्यात ठेवून भिंती बघा. तिथून थोडं चालून क्रासिन्स्की बागेजवळच्या मोन्ते कासिनो स्मारकाकडे (इटलीतल्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईचं स्मारक) गेलात, तर कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक दिसेल. त्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांची ती आठवण.

संध्याकाळ विस्तुला नदीच्या काठी घालवा. संग्रहालयांची यादी पुढच्या फेरीसाठी राहू द्या.