एचआयव्हीवरील लशीच्या चाचण्या गरीब देशांत का होतात? हे सहकार्य आहे की आपला वापर?

आपण विचारले आहे की, एचआयव्हीवरील लस तयार होते अमेरिका-युरोपातील प्रयोगशाळांत आणि टोचली जाते थायलंड, दक्षिण आफ्रिका, भारत येथील माणसांना, तर याला आंतरराष्ट्रीय सहकार्य कसे म्हणायचे; आणि उद्या सोलापुरात अशी चाचणी आली तर तिच्यात सहभागी व्हावे का. मी सोलापुरात एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम करते. यंत्रमाग कामगार, विड्या वळणाऱ्या स्त्रिया, पुणे-हैदराबाद रस्त्यावरील ट्रकचालक यांच्याकडून हाच संशय मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. तो रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठ्या चाचण्या केवळ गरीब देशांत झाल्या, हे मात्र खरे नाही. अशा पहिल्या दोन चाचण्या 1998-99 मध्ये सुरू झाल्या. त्यांतील एक मुख्यतः उत्तर अमेरिकेत आणि काही प्रमाणात नेदरलँड्समध्ये झाली, दुसरी बँकॉकमध्ये; आणि 2003 मध्ये दोन्हीकडे लस निष्प्रभ ठरल्याचे दिसले. 'मोझाइको' नावाची चाचणी उत्तर व दक्षिण अमेरिका आणि युरोपातील सुमारे 3,900 जणांवर झाली, आणि लशीने संरक्षण मिळत नाही असे दिसल्यावर जानेवारी 2023 मध्ये तीही थांबवण्यात आली.

तरीही आशिया आणि आफ्रिका यांना वगळून ही लस सिद्ध होणे शक्य नाही, आणि याचे कारण विषाणूच्या स्वभावातच आहे. गोवर होऊन गेलेला माणूस बरा होतो आणि त्याच्या शरीराने रोगावर कशी मात केली हे पाहून लस बनवणाऱ्याला दिशा सापडते. एचआयव्हीच्या बाबतीत अशी दिशा जवळजवळ मिळतच नाही. हा विषाणू एकाच माणसाच्या शरीरातसुद्धा सतत रूप बदलतो, आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांत त्याचे वेगवेगळे उपप्रकार पसरलेले आहेत. अमेरिका आणि पश्चिम युरोपात प्रामुख्याने 'बी' उपप्रकार आढळतो, थायलंडमध्ये 'एई', तर दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या भारतात 'सी'. केवळ न्यूयॉर्क किंवा ॲमस्टरडॅममध्ये पारखलेली लस सोलापूरच्या माणसाचे रक्षण करील की नाही, हे तेथील निष्कर्षांवरून सांगता येणार नाही. आपल्या भागात चाचणीच झाली नाही, तर सर्वांत मोठी हानी आपलीच होईल.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. लस उपयोगी आहे की नाही हे ठरवण्यासाठी लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत किती जणांना नव्याने लागण झाली, हे मोजावे लागते; आणि त्यासाठी जेथे नव्या लागणी अधिक होतात अशा भागांत हजारो स्वयंसेवक लागतात. थायलंडमध्ये 2003 साली सुरू झालेल्या चाचणीत 16,402 स्वयंसेवक होते, आणि काही वर्षांच्या निरीक्षणानंतर लस घेतलेल्यांपैकी 51 तर न घेतलेल्यांपैकी 74 जणांना लागण झाल्याचे आढळले. एवढा मोठा पसारा मांडून हाती आला तो फरक इतका लहान होता; तरीही 31.2 टक्के संरक्षणाचा तो निष्कर्ष एचआयव्ही लशीच्या इतिहासातील पहिला आशादायक निष्कर्ष ठरला. या चाचणीत थायलंडचे सार्वजनिक आरोग्य मंत्रालय, अमेरिकी लष्कराचे संशोधक आणि लस बनवणाऱ्या वेगवेगळ्या संस्था एकत्र होत्या. पुढे अनेक प्रयोगशाळांनी त्या स्वयंसेवकांचे रक्तनमुने तपासून कोणत्या प्रतिपिंडांमुळे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीर बनवते त्या प्रथिनांमुळे, संरक्षण मिळाले असावे याचा शोध घेतला. हे नमुने एकाच संस्थेच्या शीतपेटीत अडकून राहिले असते, तर ते ज्ञान जगाला मिळाले नसते.

त्याच लशीची 'सी' उपप्रकारासाठी बदललेली आवृत्ती 2016 पासून दक्षिण आफ्रिकेत 5,400 हून अधिक जणांवर तपासण्यात आली. फेब्रुवारी 2020 मध्ये ती चाचणी थांबली, कारण लस घेतलेल्या 129 आणि न घेतलेल्या 123 जणांना लागण झाल्याचे दिसले, म्हणजे लशीचा काहीच उपयोग होत नव्हता. हा निर्णय ज्या माहितीवर झाला ती वेळोवेळी तपासण्याचे काम लस बनवणाऱ्यांकडे नसून स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडे होते, आणि अपयशाचे आकडे जगासमोर मांडले गेले. संशय घेणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देते, कारण ज्या कामात माणसे केवळ वापरायची असतात तेथे असा हिशेब कोणी उघड करत नाही.

भारताने स्वतः काही केले नाही, हा समजही दूर व्हायला हवा. एड्सवरील लशीसाठी 1996 मध्ये स्थापन झालेली 'आयएव्हीआय' ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद व 'नॅको' (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) यांच्यात करार झाला, आणि 2005 मध्ये पुण्यातील भोसरीच्या 'नारी' संस्थेत, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, भारतातील पहिली एचआयव्ही लस चाचणी सुरू झाली. तीच लस जर्मनी आणि बेल्जियममधील स्वयंसेवकांनाही देण्यात आली होती, त्यामुळे जे त्यांच्या देशात चालणार नाही ते आपल्यावर, असा तेथे प्रकार नव्हता. ती सुरक्षित ठरली, परंतु तिच्यामुळे निर्माण झालेली प्रतिकारशक्ती फार क्षीण होती. त्यानंतर चेन्नईत भारतीय 'सी' उपप्रकाराच्या जनुकांवर आधारित दुसरी लस तपासण्यात आली. या सर्व चाचण्या पहिल्या टप्प्यातील, मुख्यतः सुरक्षितता पाहणाऱ्या होत्या. पुण्यापासून रेल्वेने काही तासांवर असलेल्या आपल्या शहरात त्यांची नोंद फारशी कोणी घेतली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता आपल्या संशयातील खरा भाग. सहकार्याच्या अटी न्याय्य असतीलच असे नाही. लशीचे नव्हे, पण अगदी शेजारचे उदाहरण लेनाकॅपाविर या औषधाचे आहे. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदा टोचायच्या या औषधाने 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत विलक्षण यश दाखवले: ते घेतलेल्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. मग ते बनवणाऱ्या कंपनीने 120 देशांसाठी स्वस्त उत्पादनाचे परवाने दिले, त्यांत पुण्याच्या एम्क्युअरसह भारतीय कंपन्याही आहेत. परंतु ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू, जेथील माणसांनी याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत भाग घेतला होता, ते देश त्या यादीबाहेर राहिले. माझ्या मते हा उघड अन्याय आहे. ज्यांनी दंड पुढे केला त्यांच्या देशाला औषध परवडेल अशा दरात मिळणे, ही अट चाचणी सुरू होण्यापूर्वीच लेखी असली पाहिजे.

दुसरा दुबळेपणा पैशाचा. 2025 च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यावर दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील लस संशोधनाचे काम एकाएकी अडले. योगायोगाने त्याच वर्षी रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील स्वयंसेवकांवरील एका प्राथमिक चाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ज्यात शरीराला टप्प्याटप्प्याने प्रभावी प्रतिपिंडे बनवायला शिकवण्याची पहिली पायरी जमल्याचे दिसले. दिशा सापडू लागलेली असताना एका देशाच्या तिजोरीवर सर्वांनी विसंबून राहणे परवडणारे नाही, आणि भारतासारख्या देशाने यात अधिक पैसा घालावा असे मला मनापासून वाटते.

राहिला सोलापुरातील सहभागाचा प्रश्न. लशीत जिवंत एचआयव्ही नसतो, त्यामुळे लशीमुळे एचआयव्ही होत नाही. मात्र लस घेतल्यानंतर शरीरात जी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांच्यामुळे नेहमीच्या तपासणीत अहवाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो, कधी कधी कित्येक वर्षे. खरी लागण आहे की नाही हे विषाणू थेट शोधणाऱ्या चाचणीने कळते. रक्तदान, नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी, बाळंतपण, लग्न ठरवताना मागितला जाणारा अहवाल, या प्रत्येक ठिकाणी आपल्या गावात त्याचा काय अर्थ काढला जाईल हे मी जवळून जाणते. म्हणून चाचणी घेणाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की, असा अहवाल आल्यास योग्य तपासणी व लेखी दाखला कोण देईल आणि किती वर्षे देत राहील. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क 2019 च्या केंद्रीय नियमांनी दिलेला आहे. त्याची पद्धत विचारून घ्यावी. चाचणीच्या काळात लागण झाली तर उपचार कोठे मिळतील, आणि मध्येच बाहेर पडायचे ठरवले तर काय, हेही विचारावे. आणि संमतीपत्र केवळ मराठीत असेल तर पूर्व भागातील तेलुगू कुटुंबांसाठी तेलुगूत आणि अक्कलकोटकडील लोकांसाठी कन्नडमध्ये ते मागावे, घरी नेऊन वाचावे, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.