कोळंबीला कुठलं तळं? डीलरला विचारू नका, माती तपासा

प्रश्न: भिवंडीजवळ खाडीलगत आमची एक एकर खारजमीन आहे, वेनामी (पांढऱ्या पायाची कोळंबी) करायचीय. साधं मातीचं तळं, लाइनरचं (प्लास्टिकचं अस्तर घातलेलं) की बायोफ्लॉक टाक्या (पाणी फारसं न बदलता, सतत हवा सोडून जिवाणूंच्या जोरावर पाळायच्या)? डीलर म्हणतो बायोफ्लॉकच करा, चौरस मीटरला 150 बीज बसतं.

उत्तर: दादा, पहिल्या वर्षी बायोफ्लॉक नको. डीलरला टाकी, हवा सोडणारा ब्लोअर, प्रोबायोटिक सगळंच खपवायचंय, पण तुमच्याकडे लाइट गेली आणि जनरेटर चालू करायला अर्धा तास गेला तर टाकीतली कोळंबी तडफडून वर येते, असे फोन मला रात्री 2 ला आलेत. तळ्यात वेनामीला चौरस मीटरला 60 बीजांची सरकारी मर्यादा आहे, नवीन माणसाने 30 च्या वर जाऊच नये.

मातीचा सामू (pH, आंबटपणाचं माप) बघा. खाजणातली जुनी काळी माती सुकली की आंबट होते, सामू 5 च्या खाली आला किंवा पाणी झिरपत असेल तरच पूर्ण लाइनर घाला, नाहीतर मातीचंच तळं, फक्त बांधाला आतून लाइनर. आणि काहीही झालं तरी 10 गुंठे साठवण तळ्याला (खाडीचं पाणी आधी घेऊन शुद्ध करायला) सोडा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण जागा वाया जाते म्हणून टाळतो. खाडीचं पाणी उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) थेट कोळंबीत घेतलं की पांढऱ्या ठिपक्याचा रोग आलाच समजा, आणि त्याच्यावर औषध नाही, कोणी बाटली दिली तरी नाही!

या 10 गुंठ्यांच्या साठवण तळ्यात मीटरभर खोल पाण्याला मिळून 60 किलो ब्लीचिंग पावडर, मग 4-5 दिवस एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवून क्लोरीन पूर्ण उडालं की टेस्ट करून पुढे घ्या. जास्त टाकून जास्त फायदा होत नाही. चुना आणि ब्लीचिंग एकत्र टाकू नका, चुन्याने सामू वाढतो आणि ब्लीचिंगचा जोर जातो. दुकानदार दोन्ही एकाच दिवशी टाकायला सांगतो, परत सांगतो, एकत्र नाही. कोळंबी असलेल्या तळ्यात तर ब्लीचिंग अजिबात नाही. क्लोरामफेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक्स बंद आहेत, पावडरच्या पुडीत काय आहे लिहिलं नसेल तर घेऊच नका.

बीज फेब्रुवारीत सोडा, मे संपायच्या आत काढा. अजून थोडा साइज येऊ दे म्हणून जूनपर्यंत थांबलात तर पहिल्याच मोठ्या पावसात खारेपणा आणि सामू दोन्ही खाली येतात.

खारफुटीत आणि तिच्यापासून 50 मीटरात खोदायचं नाही, 2018 चा हायकोर्टाचा निकाल आहे. मत्स्यसंपदा योजनेत अनुदान सर्वसाधारणला 40 टक्के, महिला आणि एससी-एसटीला 60, आधी कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीचं (किनाऱ्यावरच्या कोळंबी-मत्स्यशेतीचं केंद्र सरकारचं प्राधिकरण) रजिस्ट्रेशन, बाकी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारा.

टाक्यांचा अ‍ॅडव्हान्स अजून दिला नसेल तर थांबा, चार ठिकाणची फूटभर खोलीची माती काढून तपासायला द्या, रिपोर्ट आला की बोलू.