जर्सी कोणाची: टीमची, डिझाईन करणारीची, की वर्गणी भरणाऱ्यांची?

नागपूरच्या मानेवाड्याकडच्या एका वाचकाचं पत्र आहे. पाच वर्षं ते एका टेनिस बॉल क्रिकेट टीममध्ये खेळले. टीमच्या जर्सीचं डिझाईन त्यांच्या आतेबहिणीनं लॅपटॉपवर फुकटात करून दिलं होतं, काळ्यावर तिरपे संत्री पट्टे आणि छातीवर संत्र्याच्या फोडीतून डोकावणारा वाघ. दिवाळीनंतर टीम फुटली. नऊ पोट्टे बाहेर पडले, जुन्याच नावाच्या आधी 'न्यू' लावलं, तेच पट्टे, तोच वाघ, तीस जर्सी छापल्या आणि त्यातल्या काही दोस्तांना विकल्या पण. आता जुन्या टीमच्या अध्यक्षानं वकिलामार्फत नोटीस पाठवली की डिझाईन टीमच्या मालकीचं आहे, जुन्या-नव्या सगळ्या जर्सी सात दिवसांत जमा करा, तीन लाख भरपाई द्या, नाहीतर एफआयआर करतो. वाचक विचारतात, टीम अशी जर्सीच्या डिझाईनवर मालकी सांगू शकते का, आणि पुढच्या आठवड्यातली टुर्नामेंट आम्ही खेळायची की नाही?

भाऊ, नोटीस पाहून तुम्ही फार घाबरून राहिले असं पत्रावरून दिसतं. टुर्नामेंट खेळा. पण या जर्सीत नाही आणि या नावानं तर नाहीच, ते काऊन ते सांगतो.

तुम्ही आणि तुमचे अध्यक्ष, दोघंही जर्सीला एकच वस्तू समजून भांडून राहिले. कायद्याच्या नजरेत त्यात निदान चार गोष्टी आहेत, अंगावरचा कपडा, त्यावरचे पट्टे, छातीवरचा वाघ आणि नाव, आणि चारहींचा मालक वेगळा असू शकतो. तुमच्या केसमध्ये तसाच आहे.

कपड्याचं लगेच मिटतं. तुम्ही लिहिलंय की जुन्या जर्सीचे साडेचारशे रुपये प्रत्येकानं आपापल्या खिशातून भरले. मग ती जर्सी तुमची, घरी ठेवा, घालून फिरा, पुसायला घ्या, अध्यक्षाला ती परत मागायचा अधिकार नाही. टीमच्या फंडातून किंवा स्पॉन्सरच्या पैशातून आली असती तर गोष्ट वेगळी होती. पैसे ऑनलाईन दिले असतील तर ते स्क्रीनशॉट सांभाळा.

आता पट्टे. नोटीशीत म्हटलंय 'टीमचा कॉपीराईट'. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक म्हणजे ज्यानं काम केलं तो. नोकरीत असताना मालकासाठी केलेलं काम असेल तर ते साधारणपणे मालकाचं होतं, पण तुमची बहीण टीमच्या पगारावर नव्हती, तिला चहासुद्धा पाजला की नाही देव जाणे. आणि मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ म्हणते लेखी पाहिजे आणि सही पाहिजे. 'तिनं टीमसाठी केलं म्हणजे टीमचं झालं' हे आपल्याकडे सगळ्यांनाच वाटते, मंडळांना वाटते, दुकानदारांना वाटते, पण फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणजे फक्त वापरायची परवानगी दिली, मालकी नाही. तेव्हा ती तुमच्या अध्यक्षाकडे कधी आलीच नाही.

पण थांबा, म्हणजे आता बहीण मालक आणि बहीण आपल्या बाजूची म्हणून आपण जिंकलो असंही नाही. याच कायद्यात कलम १५ चं पोटकलम २ आहे. एखादं डिझाईन डिझाईन्स ॲक्टखाली रजिस्टर होण्यासारखं असेल, ते रजिस्टर केलं नसेल, आणि ते लावलेली वस्तू मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं दुसऱ्या कोणी औद्योगिक पद्धतीनं पन्नासच्या वर वेळा बनवली, तर त्या डिझाईनमधला कॉपीराईट संपतो. पन्नास म्हणजे काय फार नाही, दोन टीम आणि त्यांचे सपोर्टर. दिल्ली हायकोर्टात २०१६ मध्ये रितिका विरुद्ध बिबा अशी केस झाली, तिथं कपड्यांवरच्या डिझाईनबद्दल याच कारणानं कॉपीराईटचा दावा टिकला नाही. उलट त्याच कोर्टात २००८ मध्ये तहिलियानी डिझाईनच्या केसमध्ये कपडे पन्नासपेक्षा कमी बनवले होते म्हणून संरक्षण मिळालं. तुम्ही लिहिता की पहिल्या वर्षी पंचवीस, मग परत पंचवीस, आणि फायनलला सपोर्टरसाठी तीस अशा सब्लिमेशननं, म्हणजे मशीनवर उष्णतेनं कापडात रंग उतरवून, छापल्या. ऐंशी झाल्या. म्हणजे माझ्या मते त्या तिरप्या संत्री पट्ट्यांवर आज कोणाचाच कॉपीराईट नाही, अध्यक्षाचा नाही, तुमचा नाही आणि बिचाऱ्या बहिणीचाही नाही.

अध्यक्ष म्हणेल मी आता डिझाईन रजिस्टर करून घेतो. खुशाल करू दे. डिझाईन्स ॲक्ट २००० मध्ये रजिस्ट्रेशनचं संरक्षण आधी दहा वर्षं आणि मग वाढवून अजून पाच मिळते, पण कलम ४ प्रमाणे डिझाईन नवीन असावं लागते, आधी लोकांसमोर आलेलं चालत नाही. पाच वर्षं मैदानावर घालून खेळले, फेसबुकवर फोटो टाकले, आता नवीन काय राहिलं त्यात? समजा सर्टिफिकेट मिळालंच तरी ते याच कारणावर रद्द करून घेता येते. पहिली जर्सी छापायच्या आधी कोणी अर्ज केला असता तर मी तुम्हाला अगदी वेगळं उत्तर लिहिलं असतं.

नोटीशीत अमेरिकेच्या एका केसचा दाखला आहे म्हणता, ती स्टार ॲथलेटिकाची, २०१७ ची. तिथल्या सुप्रीम कोर्टानं चीअरलीडरच्या ड्रेसवरच्या पट्ट्यांना आणि नक्षीला कॉपीराईट मिळू शकतो असं सांगितलं हे खरं आहे. पण त्यांचा कायदा वेगळा, आपल्यासारखा पन्नासचा नियम तिथं नाही. आपल्याकडे इंटरनेटवरून केस उचलून नोटीशीत चिकटवायची पद्धत पडून राहिली आहे, समोरचा घाबरला की काम झालं. आणि फक्त रंगाबद्दल म्हणाल तर आपल्या ट्रेडमार्क कायद्यात रंगांचं कॉम्बिनेशन मार्क होऊ शकते, मात्र लोक नुसता तो रंग पाहून टीम ओळखतात हे सिद्ध करावं लागते. नागपुरात संत्री रंगावर आणि वाघावर! कस्तुरचंद पार्कवर उभं राहून एक दगड फेका, संत्री टी-शर्टवालाच सापडेल.

आता खरं दुखणं, म्हणजे नाव आणि तो वाघ. इथं तुमची बाजू लंगडी आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. पन्नासचा नियम लोगोला तसा लागत नाही, कारण डिझाईन्स ॲक्टच्या व्याख्येतूनच ट्रेडमार्क वगळलेला आहे. वाघाच्या चित्राचा कॉपीराईट बहिणीकडे असेलही, पण पाच वर्षं त्या नावानं आणि वाघानं जी ओळख कमावली तिचं संरक्षण वेगळं असते, ट्रेडमार्क रजिस्टर नसला तरी. त्याला पासिंग ऑफ म्हणतात, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं. आयोजकाला वाटलं जुनी टीम आली, प्रेक्षकाला वाटलं, जर्सी घेणाऱ्या दोस्ताला वाटलं, तर गोंधळ झाला. 'न्यू' लावून सुटका होत नाही, उलट लोकांना वाटते त्याच टीमची नवी शाखा आहे. गावात बँडपार्टी फुटली की दुसऱ्या दिवशी 'न्यू' लागते ते माहीत आहे मला, पण ते कोर्टात चालतेच असं नाही.

तुमच्याकडून एक मुद्दा मात्र आहे. ती ओळख फक्त अध्यक्षाची कशी? नऊ पोट्ट्यांनी पण कमावली ना. टीम म्हणजे कोण, हा प्रश्न आधी विचारा. सोसायटी म्हणून रजिस्टर असेल तर ती संस्था स्वतः हक्क सांगू शकते आणि बाहेर पडलेल्यांचा दावा कमजोर होतो, ते सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी केली की कळेल. रजिस्टर नसेल तर 'टीम' या नावानं कोर्टात सरळ दावाच करता येत नाही, सदस्यांना स्वतःच्या नावानं किंवा सगळ्यांच्या वतीनं कोर्टाची परवानगी घेऊन यावं लागते, आणि तुम्ही राजीनामा दिलाच नसेल तर तुम्हीही सदस्यच आहात. मजेशीर भांडण होईल. पण यात तीन-चार वर्षं घालवायची का, टेनिस बॉलच्या एका नावासाठी? माझा सल्ला, नाव सोडा. जे लोक टीम चालवत राहिले त्यांचं पारडं नावाबाबत जड राहते.

एफआयआरचं. कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे आणि २०२२ मध्ये निट प्रो केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. पण त्यासाठी कॉपीराईट असावा लागतो आणि तो जाणूनबुजून मोडलेला असावा लागतो, आणि इथं जिचं चित्र आहे तिनंच तुम्हाला परवानगी दिली. म्हणून आजच बहिणीकडून एक साधं सही केलेलं पत्र घ्या की डिझाईन आणि लोगो मी अमुक साली काढले, कोणालाही मालकी लिहून दिली नाही, या नऊ जणांना वापरायची परवानगी आहे. मूळ फाईल तिच्या लॅपटॉपवर असेल तर ती डिलीट करू नका, नाव बदलू नका, तारखेसकट राहू द्या. आणि तिला विचारून घ्या हो, तिला या भांडणात ओढून राहिले तुम्ही.

नोटीशीला उत्तर द्या. कायद्यानं सक्ती नाही, पण गप्प बसलं की पुढं तेच तुमच्या विरुद्ध दाखवतात. उत्तरात कॉपीराईटचा दावा साफ नाकारा, वाद न वाढवता नाव आणि वाघ यापुढे वापरणार नाही असं लिहा, विनाकारण धमकीबद्दल कॉपीराईट कायद्याच्या कलम ६० चा हक्क राखून ठेवतो असंही लिहा. तीन लाखांचा आकडा मला वाटते उगाच नाही टाकला, तीन लाख आणि वरचे असे दावे कमर्शियल कोर्टात जातात. तिथं तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते, पण तातडी दाखवून ते टुर्नामेंटच्या तोंडावर एकतर्फी स्टे आणू शकतात. म्हणून सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयात कॅव्हेट टाकून ठेवा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली, ते नव्वद दिवस चालते आणि मग तुम्हाला ऐकल्याशिवाय ऑर्डर होणं कठीण.

विकलेल्या जर्सींचा हिशेब लिहून काढा, किती, कोणाला, केवढ्यात, कारण भरपाईचा खरा आकडा तिथूनच निघेल आणि तो तीन लाखांच्या आसपासही नसेल. उरलेल्यांवरचा वाघ आणि नाव दुसऱ्या कापडाच्या पॅचनं झाका, पट्टे राहू द्या, मन असेल तर तेही बदला. नवं नाव ठरलं की ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाईन करा, एका व्यक्तीच्या नावानं केला तर एका क्लासला, म्हणजे माल-सेवांच्या एका गटाला, साडेचार हजार फी आहे, कपड्यांचा क्लास २५ आणि खेळाच्या उपक्रमांचा ४१. जुन्या नावाचा अर्ज चोरून आपल्या नावानं टाकू नका, कोणीतरी तसा सल्ला देईलच, पण आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो आणि वाईट हेतू दिसला की अर्जही जातो.

अर्ज मात्र नऊपैकी कोणा एकाच्या नावानं करायचा असेल तर बाकी आठांशी आधी कागद करा, नाव कोणाचं, लोगो कोणाचा, कोणी सोडून गेला तर काय. आणि नवा लोगो ज्या कोणाकडून काढून घ्याल त्याला पैसे द्या अन् सही घ्या.