राजीनामा मिळाला म्हणजे केस संपली असं नाही

इंदूर, रामबाग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

परवा तुझी आई येऊन गेली. सुनेनी पोहे केले होते, बशी हातात धरून बसली आणि एक घास नाही खाल्ला, वरचं जिरावन ओलं होऊन गेलं. म्हणाली, काका, त्या आजोबांनी राजीनामा द्यायला हो म्हटलंय, आता सुटेल ना पोरगा? मी तिला धड उत्तर दिलं नाही. म्हटलं त्यालाच लिहून पाठवतो, फोनवर तो हं हं करतो आणि ठेवला की विसरतो.

आधी तो शब्दच घे. पुण्याच्या मावशीला राजीनामा म्हटलंस तर ती विचारेल नोकरी कधी सोडलीस. आपल्या एमपीच्या कोर्टात राजीनामा म्हणजे फरियादी आणि आरोपीनी मिळून दिलेला अर्ज, की आमचं आपसात मिटलं. एवढी वर्षं कोर्टात रीडरच्या, म्हणजे जजसमोर फायली ठेवणाऱ्या बाबूच्या, खुर्चीत बसलो, असे अर्ज किती हातातून गेले त्याची गणती नाही. शेजाऱ्यांची मारामारी, चेक बाउन्स, नॅशनल लोक अदालतीच्या दिवशी तर गठ्ठेच्या गठ्ठे मिटायचे, लोक बाहेर जाऊन बरोबर चहा प्यायचे. त्यामुळे अख्ख्या शहराला वाटतं की समोरचा मानला की झालं. तुझी केस त्या गठ्ठ्यातली नाही.

तू काय केलंस ते आईनी गोल गोल सांगितलं, मी सरळ लिहितो म्हणजे तुला स्वतःला वाचायला मिळेल. छत्रीखाली सिम विकत होतास, गिऱ्हाइकाचा अंगठा पहिल्याच वेळी आला तरी म्हणायचास, नाही आला, परत लावा, आणि त्या दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम चालू करून मालकाला द्यायचास. तो सिममागे तुला शंभर-दोनशे द्यायचा. ते सिम पुढे कुणाकडे गेलं तुला माहीत नाही म्हणतोस, मी विश्वास ठेवतो, पण त्याच नंबरवरून बाहेरगावी कुणाला तरी बँकेचा माणूस बनून फोन गेला आणि पोलीस त्या आजोबांच्या दारात आले, ज्यांच्या अंगठ्यावर तू ते सिम काढलं होतंस. त्यांच्या नातवानी संचार साथीवर, म्हणजे आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणाऱ्या सरकारी साइटवर, पाहिलं तेव्हा कळलं की त्यांच्या नावावर एक नंबर जास्तीचा आहे.

आयटी ॲक्टचं कलम ६६ सी म्हणजे हेच. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा जे काही फक्त त्याच माणसाचं म्हणून ओळखलं जातं ते बेइमानीनं वापरणं. अंगठ्याहून जास्त आपलं काय असतं सांग. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. जोडीला ६६ डी, कॉम्प्युटर किंवा मोबाइल वापरून दुसरा बनून फसवणं, तेवढीच शिक्षा. ह्यांचा तपास इन्स्पेक्टरच्या खाली कुणी करू शकत नाही, म्हणून तुला टीआय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरनी, स्वतः बोलावलं, ते काही तुझ्यावर खास राग म्हणून नाही. ही दोन्ही कलमं जमानती आहेत, म्हणजे जामीन हक्कानं मिळतो. पण पोलीस नुसतं आयटी ॲक्ट सहसा लावत नाहीत, बरोबर न्याय संहितेचं ३१८ (४), फसवणुकीचं, लावतात, जुनं ४२०, सात वर्षांपर्यंतचं आणि गैरजमानती. तरी तुला उचललं नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, बोलावलं की हजर राहा अशी, नोटीस देऊन सोडलं, कारण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात विनाकारण अटक करू नका असं सुप्रीम कोर्टानी २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. ती नोटीस म्हणजे सुटका नव्हे हां. एकदा जरी बोलावल्यावर गेला नाहीस तर अटकेला कारण तूच हातात दिलंस.

आता राजीनाम्याचं. ६६ सी राजीनाम्याचं कलम आहे का, तर आहे, आयटी ॲक्टचंच कलम ७७ ए कोर्टाला तशी परवानगी देतं. ३१८ (४) सुद्धा कोर्टाच्या परवानगीनं मिटतं. म्हणजे आजोबांपुरतं तुझ्या आईचं म्हणणं बरोबर. पण त्याच ७७ ए मध्ये पुढे लिहिलंय की गुन्हा बाईविरुद्ध असेल किंवा अठराच्या आतल्या मुलाविरुद्ध असेल तर मिटवता येणार नाही. आणि तुझ्या चालानमध्ये, म्हणजे पोलिसांच्या आरोपपत्रात, दुसऱ्या फरियादी कोण आहेत? त्या पापड लाटणाऱ्या ताई. तुझ्या आईला त्यांचं नावसुद्धा घ्यायचं सुचलं नाही, मला तर त्याचंच जास्त वाईट वाटलं. वर्षानुवर्षं पापड लाटून त्यांच्या बोटावरच्या रेषा घासल्यात, रेशनच्या दुकानात पण त्यांचा अंगठा तीन तीनदा लावावा लागतो, म्हणून तू परत लावा म्हणालास तेव्हा त्यांना काही वेगळं वाटलं नाही. उलट त्यांनी पदरानी बोट पुसून पुन्हा लावलं. हे मी त्यांच्या बयानाच्या नकलेत वाचलं, तुझ्या आईनी आणली होती.

त्यांनी उद्या मनापासून माफ केलं तरी खालच्या कोर्टात त्यांच्याकडून ६६ सी मिटणार नाही. लोक अदालतीत पण नाही, जे मुळात राजीनाम्याचं नाही ते तिथे जातच नाही. मग एक रस्ता उरतो तो हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाचा, सुरक्षा संहितेचं कलम ५२८, जुनं ४८२. २०१२ च्या ग्यान सिंह निकालापासून हायकोर्ट तडजोडीवर अशाही केस रद्द करू शकतं, पण ते बघतं की भांडण दोघांतलंच होतं की त्याची झळ बाहेर गेली. तुझं सिम बाहेर गेलंय बाबा. वकिलाला हे पहिल्या दिवशी सांग, फीस घेतल्यावर त्याला चालान वाचून कळू देऊ नकोस.

आणि कृपा करून त्या ताईंच्या घरी मिठाई घेऊन जाऊ नकोस, आईलाही पाठवू नकोस. तुमच्या मनात काहीही असो, कागदावर ते साक्षीदारावर दबाव म्हणून येतं. बोलायचं तर वकिलामार्फत. त्यांना बाई म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, कमाई किती ते कुणी विचारत नाही, त्यामुळे त्या एकट्या आहेत असं समजू नकोस.

चालानची पूर्ण नक्कल हातात आली की पहिल्यांदा शोध न्याय संहितेचं ३३८ आहे का. किमती दस्तऐवजाची बनावट, जन्मठेपेपर्यंत जातं. हे कलम राहिलं तर बाकीचे बरेच दरवाजे बंद होतात, म्हणून ते इथे बसतच नाही हा मुद्दा डिस्चार्जच्या, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून मोकळं करा अशा, अर्जात घ्यायचा, आणि नवीन कायद्यात त्या अर्जाला नक्कल मिळाल्यापासून साठ दिवस आहेत. वकील म्हणतात बघू पुढच्या पेशीला, म्हणजे तारखेला, आणि दोन पेशीत साठ दिवस जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तो पोरगा तुझ्याबरोबर होता ना, तो म्हणतो म्हणे की प्ली बार्गेनिंग करू, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेऊ. चार्ज लागल्यापासून तीस दिवसांत अर्ज द्यावा लागतो, पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षा सहाव्या हिश्श्यावर येऊ शकते, म्हणजे तीन वर्षांच्या कलमात सहा महिने. ऐकायला बरं वाटतं. पण तिथेही तीच अट, बाईविरुद्धचा गुन्हा चालत नाही आणि सात वर्षांच्या वरचा चालत नाही. म्हणजे ताईंपुरता तोही रस्ता नाही.

मग उरतो ट्रायल. तुझ्या वकिलाला वाटतंय की सगळा पुरावा मशीनमधला, उडवून देऊ. उडतो कधी कधी. सिमचा फॉर्म, त्यावरचा लाइव्ह फोटो, वेळ, तुझा विक्रेता कोड, हे सगळं कंपनीच्या कॉम्प्युटरमधून निघतं आणि त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, जुनं ६५ बी. २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, आपल्या जालन्याचीच निवडणूक ती, सुप्रीम कोर्टानी ठणकावून सांगितलं की मूळ मशीनच कोर्टात आणली तर गोष्ट वेगळी, नाहीतर सर्टिफिकेट लागणारच. पण हेही सांगितलं की कंपनी देत नसेल तर कोर्ट मागवू शकतं. म्हणजे आज सर्टिफिकेट नाही म्हणून उद्या येणार नाही असं धरू नकोस. आणि एकाच कोडवर, दोन मिनिटांच्या अंतरानी, एकाच ताईंच्या नावावर दोन सिम, दोन्ही फोटोत तोच पदर डोक्यावर, ह्याला तू काय जबाब देणार आहेस ते मला कळलं नाही.

दोष सिद्ध झाला तर प्रोबेशन मागता येतं, १९५८ चा कायदा आहे, जन्मठेपेचं कलम नसेल तर कोर्ट चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. एकवीसच्या आत असतास तर त्यात आणखी आधार होता, तू तेवीसचा आहेस. तिथे जज बघतात की पोरगा पेशी चुकला का, फोन जमा करायच्या आधी फॉर्मॅट मारला का, नुकसान भरलं का, मालकाचं नाव दडवलं का. मालकाला वाचवायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक, तो तुझ्या वकिलाची फीस देतोय हे मला कळलंय, आणि ज्याची फीस मालक देतो तो वकील मालकाचं नाव किती घेईल ते तूच बघ.

रविवारी सकाळी ये, नऊच्या आत, मग मला फिरायला जायचं असतं. चालानची पूर्ण नक्कल आण, झेरॉक्स स्वच्छ काढ, मागची बाजूसुद्धा, जप्तीचा कागद नेहमी मागच्या बाजूला सुरू होतो आणि तोच सुटतो. आईला आणू नकोस, त्या वेळी तिच्यासमोर तू खरं बोलणार नाहीस.

तुझा,
काका