तोंडी बोलीवर घेतलेला स्टुडिओ आणि घरमालकाच्या कुलपाची धमकी

प्रश्न : मी चित्रकार आहे. चार महिन्यांपूर्वी पुण्यात एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला स्टुडिओसाठी घेतला. दरमहा १८,००० रुपये भाडं आणि १ लाख अनामत, दोन्ही बँकेतून दिलं. तोंडी तीन वर्षं ठरली होती. करार मात्र 'करू निवांत' म्हणत घरमालकांनी टाळला. त्यांना विचारून (होकार व्हॉट्सॲपवर आहे) मी उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी काढली, दिवे बसवले. आता शेजाऱ्यांनी टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार केली आहे. घरमालक म्हणतात, पंधरा दिवसांत खाली करा, नाहीतर कुलूप लावीन आणि फरशीच्या नुकसानीपोटी चित्रं ठेवून घेईन. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं माझं प्रदर्शन तोंडावर आलं आहे. हातात कागद नसताना मला काही हक्क आहे का? – एक चित्रकार, पुणे

उत्तर : हक्क आहे, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा भक्कम आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाने सिद्ध करायचं. शिवाय नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कागद नसल्याची भीती खरं तर त्यांना वाटायला हवी. फक्त जे ठरलं होतं तेवढंच सांगा. तीन वर्षं ठरली असतील तर तीनच म्हणा. उलटतपासणीत फुगवलेली एक गोष्ट उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

चित्रं ठेवून घेण्याची धमकी तर निखालस बेकायदा आहे. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याचा माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७१ ने बँका, अडते, उच्च न्यायालयातले वकील अशा मोजक्या लोकांना दिला आहे. त्या यादीत घरमालक नाही. फरशीवर डाग पडले असतील तर त्याची रास्त भरपाई मागावी. त्यासाठी कॅनव्हासला हात लावता येणार नाही. अगदी तुमची जागा नुसत्या लायसन्सची ठरली आणि ते रद्द झालं, तरीही सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ६३ तुम्हाला जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ देतं.

'पंधरा दिवस' हा आकडा बहुधा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातून ऐकीव आला असावा. महिन्याच्या बोलीची भाडेदारी संपवायला पंधरा दिवसांची नोटीस लागते, हे खरं. पण भाडेकरूला नुसत्या नोटिशीवर बाहेर काढता येत नाही. त्यासाठी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ आणि १६ मधलं कारण कोर्टात सिद्ध करून हुकूमनामा मिळवावा लागतो.

त्या कारणांपैकी दोन तुमच्याविरुद्ध वापरली जातील, म्हणून त्यांच्याकडे नीट बघा. पहिलं, मालकाच्या लेखी संमतीशिवाय केलेलं पक्कं बांधकाम. तुमची खिडकी इथे येईल. पण कलम १६ च्याच स्पष्टीकरणात, हवा खेळती राहण्यासाठी लागणारी खिडकी काढणं हे पक्कं बांधकाम मानू नये असं म्हटलं आहे. जिथे गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी मात्र हवी. ती घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतली नसेल तर आजच एखाद्या आर्किटेक्टला विचारून ती बाजू सावरा. शिवाय 'उत्तरेचा उजेड हवा म्हणून खिडकी' असं कुठे लिहू नका असं मी सांगणार नाही, कारण ते खरं आहे. पण टर्पेंटाइन वापरणाऱ्या खोलीला वारा लागतोच, आणि तेही तितकंच खरं आहे.

दुसरं कारण शेजाऱ्यांना होणारा उपद्रव. इथे मला तुमची काळजी वाटते, कारण शेजाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. एक्झॉस्ट पंखा बसवा, टर्पेंटाइनचे डबे घट्ट बंद ठेवा. लिनसीड ऑइलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा. मग शेजाऱ्यांना वर बोलावून सगळं दाखवा. त्यांच्यापैकी एक जण जरी म्हणाला की आता त्रास नाही, तरी त्याचा दाव्यात मोठा उपयोग होईल.

आता कुलपाचं. बरेच लोक घाईने कॅव्हेट दाखल करतात आणि निर्धास्त होतात. कॅव्हेटमुळे एवढंच होतं की समोरचा कोर्टात गेला तर तुम्हाला न ऐकता आदेश होत नाही. जो कोर्टात न जाता थेट कुलूप आणणार आहे, त्याच्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. तुम्हाला हवा आहे मनाई हुकूम. पुण्यात घरमालक आणि भाडेकरू किंवा लायसन्सधारक यांचे वाद लघुवाद न्यायालयात चालतात. तिथे दावा लावून तातडीचा मनाई हुकूम मागा, आणि जागेची व चित्रांची स्थिती नोंदवण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्जही द्या. बँकेचे उतारे जोडा. व्हॉट्सॲपवरच्या संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांकडून करून घ्या. धमकीबद्दल पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 'दिवाणी बाब आहे' असं उत्तर मिळेल, तरी पोच सोडू नका. कुलूप लागलंच, तर बेकायदा ताबा काढून घेतल्याचा कलम ६ खालचा दावा (विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३) सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तुम्ही भाडेकरू की लायसन्सधारक, हा वाद तिथे नक्की निघेल, म्हणून वेळ आधीच साधा.

भाडं एक दिवसही थांबवू नका, अनामतीतून वळतंही करू नका. नाकारलं तर मनीऑर्डरने पाठवा.

आणि ताई, प्रदर्शनात जाणारी चित्रं आजच तिथून हलवा. याने तुमचा ताबा सुटत नाही. इझल, रंग, बाकीचं काम तिथेच राहू द्या, रोज जाऊन काम करा. जहांगीरची तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, आणि कोर्टाची तारीख तिच्या सोयीने पडत नाही.

समेटाची शक्यता मला दिसते. ते लिव्ह अँड लायसन्स करायला तयार झाले, तर सही करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या : त्या सहीने भाडेकरू असल्याचा दावा तुम्ही सोडून देता आणि मुदत संपली की जागा सोडावी लागते. तरीही, तीन वर्षं मनासारखी मिळत असतील तर मी तुमच्या जागी सही करीन, कारण दावा त्यापेक्षा लांबू शकतो. एजंटच्या छापील मसुद्यात 'कोणीही एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवू शकतो' असं वाक्य असतं. ते खोडून ३६ महिने घरमालकाला करार संपवता येणार नाही असं लिहून घ्या. वापर 'चित्रकलेचा स्टुडिओ' असा स्पष्ट लिहा, खिडकीला संमती होती हे लिहा, फरशीचे आजचे फोटो जोडा. एकूण भाडं ६,४८,००० आणि अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं तीन वर्षांचं व्याज ३०,०००. त्यावर पाव टक्का म्हणजे १,६९५ रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरात नोंदणीचे १,००० रुपये. घरमालक पैशांवरून अडले, तर हा खर्च तुम्हीच भरा.