सिंथसायझरच्या आवाजाचे नेमके वर्णन

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) दंडारीच्या, म्हणजे तिथल्या लोकनाट्याच्या, गाण्यांना सिंथसायझरची साथ देताना "आवाज जाड हवा" एवढेच तुम्ही सांगता, तेव्हा नेमका सल्ला देणे कठीण जाते. आधी लहर (ध्वनितरंगाचा आकार) सांगावी: सॉटूथमध्ये (करवतीच्या दातांसारख्या लहरीत) सगळे हार्मोनिक्स (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले उपस्वर) असल्याने ती भरदार व धारदार लागते, तर स्क्वेअरमध्ये (चौकोनी लहरीत) फक्त विषम हार्मोनिक्स असल्याने ती पोकळ वाटते. लो-पास फिल्टरचा (वरच्या कंपनसंख्या गाळणाऱ्या भागाचा) कटऑफ, म्हणजे गाळणे जिथून सुरू होते ती मर्यादा, 4000 हर्ट्झवरून 600 वर आणला की तोच सॉटूथ दबका होतो आणि रेझोनन्स (कटऑफजवळच्या कंपनसंख्यांना दिलेला उठाव) वाढवला की कटऑफपाशी टोकदारपणा येतो. म्हणून 'मऊ' किंवा 'कर्कश' लिहिताना हे आकडे सोबत द्यावेत. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, तरीही हमखास राहून जाणारी बाब म्हणजे स्वराची सुरुवात: तो तुणतुण्याच्या तारेसारखा झटकन उठतो की सावकाश भरत जातो, हे अटॅकच्या (स्वर पूर्ण जोरात यायला लागणाऱ्या वेळेच्या) मिलिसेकंदांसह लिहावे.