हवाई दलात जमिनीवरच्या माणसांना नेमकं काय काम असतं?

भाऊ, तुम्ही विचारलंय की मुलाची अग्निवीर वायू म्हणून, म्हणजे हवाई दलाच्या चार वर्षांच्या भरतीत, निवड झाली आहे, आणि गावातले लोक म्हणतात, "पायलट तं होत नाही, इमानं पुसाले चालला." हे खरं आहे का, आणि पोराला पाठवावं का.

मी हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होतो. त्यातली बरीचशी मिग-२१ या लढाऊ विमानांच्या तुकडीत, म्हणजे स्क्वाड्रनमध्ये, गेली. आता आर्वी तालुक्यात वावर, म्हणजे शेती, करतो. मी भरती झालो तेव्हा आमच्या पारावरही हेच बोललं गेलं होतं आणि माझ्या बापाला ते लागलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुसण्याचंच सांगतो. विमान पुसावं लागतं, आणि मुलगा पहिल्या वर्षी भरपूर पुसेल. पण १९९६ सालच्या २ ऑक्टोबरची एक गोष्ट त्या पारावरच्या मंडळींना सांगा. पेरू देशातल्या लिमा शहरातून एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ रात्री उडालं. त्याआधी ते धुऊन चकचकीत केलं होतं. विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, बाहेरच्या हवेचा दाब त्यांतून आत कळतो आणि त्यावर उंची आणि वेग दाखवणारी घड्याळं चालतात. धुताना पाणी जाऊ नये म्हणून त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. अंधाऱ्या रात्री समुद्रावर पायलटना आपण किती उंचीवर आहोत तेच कळेना. विमान समुद्रात पडलं आणि आतली सगळी ७० माणसं गेली. इंजिन ठणठणीत होतं, पायलट शिकलेले होते. पुसणाऱ्या माणसाच्या हातून पट्टी राहिली, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी ते विमान तपासलं त्यांच्याही नजरेतून सुटली.

आमचे सार्जंट नव्या पोरांना फडकं देताना सांगायचे की हाताने पुस आणि डोळ्याने वाच. विमानाचा पत्रा खरोखर वाचता येतो. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, सैल झाला की त्याच्या मागे वाऱ्याच्या दिशेने काळसर रेघ उमटते. मिगच्या हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचं, तेल लालसर असतं. पोटाखाली कुठे लाल ओल दिसली की ती पुसून टाकायची नाही, आधी ती कुठून आली ते शोधायचं. मी पुसता पुसताच विमान शिकलो.

आता दिवसाचं काम. पहिलं उड्डाण सकाळी सहाला असेल तर आम्ही तीन-साडेतीनला विमानाजवळ असायचो. उड्डाणाआधी एक तपासणी, दोन उड्डाणांच्या मध्ये एक आणि दिवसाचं शेवटचं उड्डाण झाल्यावर एक. इंजिनवाला, विमानाच्या सांगाड्याचा, विजेचा, घड्याळांचा, रेडिओचा, शस्त्रांचा, असे प्रत्येक कामाचे वेगळे फिटर. इंधन भरण्याआधी काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून ते उजेडासमोर धरायचं. पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते. आपण डिझेल इंजिनाला पाणी लागलं तर शिव्या देतो आणि टाकी रिकामी करतो, वरती आकाशात तेवढी सवड नसते. टायर हाताने चाचपायचे, चीर पडली किंवा आतलं कापड दिसू लागलं तर लगेच बदलायचा. मिग-२१ धावपट्टीवर एवढ्या वेगाने उतरायचं की थांबवायला शेपटीतून छत्री सोडावी लागे. ती छत्री दर उड्डाणानंतर नवी घडी करून पुन्हा बसवायची. शस्त्रवाले रॉकेट आणि बॉम्ब लावायचे आणि त्यांच्या सुरक्षेच्या पिना अगदी शेवटी काढायचे. संकटात पायलटला घेऊन विमानाबाहेर उडणाऱ्या खुर्चीलाही पिना असतात, नाहीतर जमिनीवर उभ्या विमानातून खुर्ची उडायची. पायलट बसला, पट्टे आवळले, की त्या पिना काढून त्याला मोजून दाखवायच्या. तो मान हलवतो, मग आपण शिडी काढायची.

विमानाच्या नाकावर एक नळी असते, वाऱ्याचा वेग मोजणारी. विमान उभं असताना तिच्यावर लाल पट्टीचं टोपण घालावंच लागतं. आपल्या गोठ्यातल्या पाइपात, भिंतीच्या भोकात कुंभारीण माशी चिखल नेऊन घर करते ना, तिला ही नळी बुजवायला दोन दिवस पुरतात. पोळ्याला गावी यायचो तेव्हा गोठ्याच्या भिंतीवर तिचं मातीचं घर दिसलं की मला त्या टोपणाचीच आठवण यायची.

पण या सगळ्या कामाचा जीव एका रजिस्टरमध्ये असतो. आम्ही त्याला एफ-७०० म्हणायचो. प्रत्येक विमानाचं स्वतःचं. काय तपासलं, काय बदललं, किती इंधन, आणि प्रत्येक फिटरची सही. शेवटी पायलट ते वाचतो, त्यावर स्वतः सही करतो आणि मगच विमान ताब्यात घेतो. त्याला तुमच्या बोल्ट आवळण्याबद्दल काही माहीत नसतं. तो फक्त तुमची सही पाहतो आणि आत जाऊन बसतो. वीस-बावीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराच्या सहीवर एक माणूस आवाजाच्या वेगाने उडायला निघतो. मला आजही बँकेत कागदावर सही करताना क्षणभर हात थांबतो.

माझ्या दुसऱ्या वर्षातली रात्र सांगतो. इंजिनच्या भागात मी लॉकिंग वायर बांधत होतो. बोल्ट थरथरून सैल होऊ नये म्हणून दोन बोल्टांची डोकी तारेने पिळून एकमेकांना बांधतात, एक सैल व्हायला लागला तर दुसरा आवळेल अशा बाजूने. पीळ झाल्यावर उरलेलं टोक पकडीने कापायचं. मी कापलं आणि टोक टणकन उडालं. साधारण अर्ध्या नखाएवढं. कुठे गेलं दिसलं नाही. माझ्याखेरीज कुणाला कळलंही नव्हतं. रात्रीचे अकरा वाजत आले होते आणि सगळ्यांना झोपायचं होतं.

भाऊ, तुमच्याकडे जनावरं असतील तर तुम्हाला हे लगेच कळेल. कुटारात बांधणीच्या तारेचा तुकडा गेला की बैल तो न चावता गिळतो. तुकडा पोटात बसतो, हळूहळू पुढे सरकतो आणि काळजाला भोसकतो. माझ्या लहानपणी आमच्या खिल्लारी जोडीतला एक बैल असाच गेला होता. खाणं सोडलं, पाठ वाकवून उभा राहायचा, कण्हायचा. कोणाला कळेना. मेल्यावर डॉक्टरांनी फाडून दाखवलं, करंगळीएवढी तार. विमानात तेच होतं. सुटा तुकडा कुठे निवांत बसत नाही. विमान उलटं होतं, गिरक्या घेतं, तुकडा फिरतो आणि कधीतरी विमान वळवणाऱ्या दांड्यात अडकतो किंवा इंजिनात जातो.

मी सार्जंटना जाऊन सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "टॉर्च आण, आरसा आण. इमान उद्याच्या यादीतून काढतो." ते अकोल्याकडचे होते, माझ्याशी वऱ्हाडीतच बोलायचे. चार माणसं, लांब दांड्याचा आरसा, काठीला गुंडाळलेली चिकटपट्टी. एकेक झाकण उघडलं. पावणेतीनला तो तुकडा एका नळीखालच्या पत्र्याच्या घडीत चमकला. सार्जंटनी तो एका कागदात बांधून रजिस्टरला टाचला, नोंद केली, आणि मला पकड परत दिली. म्हणाले, आता कापून दाखव. मी कापलं. "तसं नाही. डाव्या हाताची बोटं टोकावर ठेव, मंग काप." एवढंच. आज कुंपणाची तार कापतानाही माझी बोटं आपोआप टोकावर जातात, आणि तुकडे खिशात जातात, वावरात पडत नाहीत.

हत्यारांचंही असंच. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना घेतला की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगायचा. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली तर विमान हलत नाही, मग साहेब कितीही मोठा असो. खिशात नाणी नाहीत, बोटात अंगठी नाही. रोज सकाळी सगळ्यांनी एका ओळीत खाली मान घालून चालत धावपट्टीच्या आसपासचे खडे, स्क्रू, चिंध्या वेचायच्या. यात अधिकारीही असतात. पॅरिसजवळ २५ जुलै २००० रोजी काँकॉर्ड जळून पडलं ना, त्याच्या टायरखाली आदल्या विमानातून गळालेली धातूची एक पट्टी आली होती. ११३ जीव गेले.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एका सकाळी चार विमानं गेली आणि तीन परत आली. जमिनीवरची माणसं मोजत असतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. चार गेली की आपण दुसऱ्या कामाला लागतो, पण कान वर असतो. चौथं विमान माझ्या हातचं होतं. पहिला हुकूम आला तो रजिस्टर बंद करून सील करण्याचा. त्यात माझी सही. पायलट खुर्चीसकट बाहेर पडून वाचला होता, पण ते आम्हाला तासाभराने कळलं. तो तास मी कुणाशी बोललो नाही. मनातल्या मनात पहाटेपासूनचं प्रत्येक काम पुन्हा करत होतो.

मग चौकशी. समोरचे अधिकारी शांतपणे विचारत होते. तेल किती होतं? झाकण कुणी लावलं? आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न, "तुम्ही स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं?" मी प्रत्येक वेळी "स्वतः पाहिलं" म्हणू शकलो, कारण खरंच पाहिलं होतं. अपघाताचं कारण पक्षी निघालं, मोठा पक्षी इंजिनात गेला होता. मिग-२१ला एकच इंजिन. पण ते कळेपर्यंतचे दिवस मला एका गोष्टीने तारलं, की त्या पहाटे थंडीचा कंटाळा येऊनही मी एकही ओळ न पाहता भरली नव्हती.

तर पाठवावं का? माझ्या मते पाठवा, पण काही गोष्टी समजून. ही भरती २०२२पासून चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करतात. मला स्वतःला हा काळ फिटर घडायला कमी वाटतो. मला एकट्याने इंजिनवर सोडायला सार्जंटनी तीन वर्षं घेतली होती. म्हणून मुलाला आधीच सांगा की शिकण्यात एक दिवस वाया घालवू नको, आणि बाजूने पुढचं शिक्षण चालू ठेव. प्रशिक्षणाची सुरुवात बेळगावला होते. पुढे कोणतं काम वाट्याला येईल ते तिथे ठरतं, मागितलं म्हणून मिळत नाही. मे महिन्यात वाळवंटातल्या तळावर विमानाच्या पत्र्याला उघडा हात लावता येत नाही. पण आपली पोरं सत्तेचाळीस अंशात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर तयार करतात, उन्हाचं त्यांना सांगायला नको.

आणि हे काम विदर्भाला परकं नाही. हवाई दलाच्या सगळ्या विमानांची देखभाल आणि दुरुस्ती जिच्या अखत्यारीत येते त्या अनुरक्षण कमानचं, म्हणजे मेंटेनन्स कमांडचं, मुख्यालय नागपुरातच, वायुसेनानगरला आहे. नाशिकजवळ ओझरच्या डेपोत सुखोई आणि मिग-२९ पूर्ण खोलून पुन्हा जोडतात. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसलो होतो. १९६३पासून उडत होतं ते. पडद्यावर सगळे पायलटांकडे पाहत होते. मी विमानाच्या बाजूला उभी असलेली, कानाला आवाजबंद लावलेली पोरं पाहत होतो.

मुलाला निघायला अजून वेळ असेल तर एक करा. विहिरीवरची जुनी मोटार किंवा पडून असलेलं इंजिन त्याच्या हवाली करा. खोलताना प्रत्येक नट-वॉशर ताटलीत ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ठेवायला सांगा, आणि वहीत लिहायलाही सांगा. मग पुन्हा जोडू द्या. जोडून झाल्यावर ताटलीत एकही वॉशर उरला असेल, तर मोटार चालू झाली तरी त्याला ती पुन्हा खोलायला लावा.